कुत्र्याचा मासिक खर्च

एका दुपारी मी गंगापूर रोडवरच्या पंधरा श्रीमंत कुटुंबांना महिनाभर जेवू घातलं. तेही त्यांच्या घरात पाऊल न टाकता, रसवंतीच्या बाकावर बसून, दोन ग्लास उसाच्या रसात. कोणाला बासमती, कोणाला इंद्रायणी, ते मीच ठरवलं. एका घरातल्या आजींना मी मधुमेह दिला, कारण त्यांच्या साखरेचा आकडा फार वाढला होता आणि तो कमी करायला काहीतरी कारण हवं होतं. हे सगळं छापील फॉर्मवर निळ्या शाईने लिहिलं आणि खाली सही ठोकली. पुढे माझी नोकरी, माझं लग्न आणि लोकांत माझा जो काही मान आहे तो, हे सगळं त्याच सहीवर उभं राहिलं.

लोक मला शांत माणूस म्हणतात. मी शांत वगैरे काही नाही. कोणीतरी विषय काढेल या धास्तीने मी गप्प बसायला शिकलो आणि मग सवयच लागली. आता पन्नाशी ओलांडली आहे. तेव्हा म्हटलं, आपणच काढावा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी अर्थशास्त्रात एम. ए. करून नाशिकरोडला घरी बसलो होतो. वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. पुण्याच्या एका संस्थेला नाशिक जिल्ह्यात घरोघर फिरून माहिती गोळा करणारी पाच माणसं हवी होती. काम सहा महिन्यांचं, पण पाचातल्या एकाला शेवटी कायम करणार होते. मुलाखतीतलं एवढं एकच वाक्य मी नीट ऐकलं. बाकीच्या वाक्यांना मान हलवली.

विषय मात्र मोठा होता. कुठल्या देशात गरीब आणि श्रीमंत यांच्यात किती अंतर आहे ते मोजायचं आणि देश एकमेकांशेजारी ठेवून बघायचे. त्यातला आपल्याकडचा एक लहानसा तुकडा या संस्थेकडे आला होता. नाशिकच का, तर एकाच जिल्ह्यात सुरगाणा आणि पेठ पण आहे आणि गंगापूर रोड पण आहे. मध्ये जीपने काही तास. आमचे सर म्हणायचे, इतक्या कमी भाड्यात एवढा परदेश प्रवास दुसरीकडे कुठे होत नाही.

सर म्हणजे आमच्या कामाचे प्रमुख. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या पांढऱ्या बुशशर्टातले, अतिशय सभ्य गृहस्थ. कोणाला खोटारडा म्हणणं त्यांच्या जिभेला जमायचं नाही. आकडा पटला नाही की ते त्याच्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढत आणि म्हणत, "हे जरा असंभाव्य वाटतं." एवढंच. पण त्या गोलाला आम्ही शिवीपेक्षा जास्त घाबरायचो.

पहिल्याच दिवशी त्यांनी वीस कांदाभजी मागवली. आम्हा पाच जणांना ओळीत उभं केलं, प्रत्येकाला चार दिली आणि म्हणाले, हे झालं शून्य. सगळ्यांना सारखं. मग सगळी परत घेऊन ताट एकट्या माझ्या हातात दिलं. हे झालं एक. सगळं एकाला, बाकीच्यांना काही नाही. जगातला प्रत्येक देश या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो, तो नेमका कुठे हे आपल्याला काढायचंय. एवढं सांगून ते फळ्याकडे वळले आणि एक वाकडी रेघ काढू लागले. शास्त्राचा मान राखायचा म्हणून मी खायला सुरुवात केली. ते परत वळेपर्यंत ताटात बारा उरली होती आणि बाकीचे चौघं माझ्याकडे बघत होते.

"आत्ता यांच्या मनात जे चाललंय ना," सर शांतपणे म्हणाले, "तेच मोजायचं."

ऑफिस म्हणजे कॉलेज रोडच्या मागच्या एका गल्लीतल्या दोन खोल्या. भिंतीवर देशांचा तक्ता लावलेला. वर अंतर कमी असलेले देश, खाली जास्त असलेले. वरचे बहुतेक थंड हवेचे, युरोपातले; तळाशी दक्षिण अमेरिकेतले बरेच. बाजूला एका टाचणीला पिवळी चिठ्ठी लटकत होती, तिच्यावर सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: नाशिक. काम संपलं की ती चिठ्ठी कुठल्या देशाशेजारी लागणार यावर आम्ही मिसळीची पैज लावली. मी युरोप म्हणालो. दुसरं काही कारण नव्हतं, तिथले फोटो चांगले असतात.

सर या तुलनेतला एक खड्डा मात्र पुन्हा पुन्हा दाखवायचे. काही देश माणसाला मिळकत विचारतात, आपण खर्च विचारतो, कारण मिळकत विचारली की आपल्याकडचा माणूस आधी दार लावतो आणि मग उत्तर देतो. आता श्रीमंत माणूस कमावतो तेवढं सगळं काही खात नाही. त्यामुळे खर्चावरून मोजलं की अंतर कमीच दिसतं आणि मिळकत मोजणाऱ्या देशांशेजारी आपण उगाचच सोज्वळ दिसतो. म्हणून, ते जवळजवळ हात जोडून सांगायचे, निदान श्रीमंतांचा खर्च तरी पुरता लिहून आणा. तिथेच आपण हरतो.

हे त्यांनी सर्वांत जास्त मला आणि सुरगाण्याच्या ताईला सांगितलं, कारण गंगापूर रोड आम्हा दोघांकडे होता.

ताई माझ्यापेक्षा वयाने लहान, पण तिला सगळेच ताई म्हणायचे. सुरगाण्याजवळच्या एका पाड्यावरची. घरी नागली आणि भात. सुट्ट्यांत दिंडोरीकडे द्राक्षबागांवर मजुरीला जाऊन तिने शिक्षण केलं होतं, आणि आता बागेत परत जाणार नाही असं घरी सांगून आली होती. कायमची जागा तिलाही हवी होती. कदाचित माझ्यापेक्षा जास्त. पण तेव्हा मला असं काही मोजता येत नव्हतं. सरांचं मत असं की आपल्या माणसांकडे गेलं की आपल्याला माहीत असलेलं विचारायचं राहून जातं. म्हणून शहरातली दोन पोरं त्यांनी डोंगरात पाठवली आणि डोंगरातल्या ताईला बंगल्यांवर. नाशिकरोडवाल्याला गंगापूर रोड तितकाच परका, म्हणून मी. एका लांबलचक गल्लीची डावी बाजू तिची, उजवी माझी. पंधरा-पंधरा बंगले.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. पहिल्या फाटकावर वॉचमनने वहीत माझं नाव लिहून घेतलं आणि मग सांगितलं की साहेब परदेशात आहेत. दुसऱ्या बंगल्यातल्या साहेबांनी विचारलं, इन्कम टॅक्सवाले का? मी नाही म्हणताच त्यांचा चेहरा मोकळा झाला आणि त्यांनी दार लावून घेतलं. तिसऱ्या घरातल्या बाई भल्या होत्या. त्यांनी मला गणपतीच्या वर्गणीचा समजून अकरा रुपये दिले आणि पावती मागितली. माझ्याकडे पावतीपुस्तक नाही म्हटल्यावर अकरा रुपये परत घेतले. चौथ्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी होती. मी सावध झालो.

आठवडाभर असं झाल्यावर मी रसवंतीत जाऊन बसलो.

आता प्रश्न असा, श्रीमंत माणूस महिनाभर काय खातो, काय वापरतो? मला काय माहीत? मला एकच घर माहीत होतं, आमचं. आईचं किराण्याचं गणित पाठ होतं. विचार केला, श्रीमंत म्हणजे आपल्यापेक्षा दुप्पट. आणि मी सगळ्याला दोनाने गुणत सुटलो. तांदूळ दुप्पट, डाळ दुप्पट, तूप दुप्पट. चहापत्तीही दुप्पट, म्हणजे माझ्या हिशोबाने त्या बंगल्यांत माणशी दिवसाला डझनभर कप चहा होत होता. मिठाचंही तेच. दर रविवारी पंधराच्या पंधरा घरांत श्रीखंड. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण हात थांबेना. आमच्याकडे रॉकेलचा स्टोव्ह होता, म्हणून त्यांनाही रॉकेल दिलं, दुप्पट. वडील बसने जायचे, म्हणून त्या मोटारवाल्यांना बसभाडं लावलं, तेही दुप्पट.

सरांनी माझे फॉर्म तपासले. कुठेच लाल गोल नाही. रॉकेलच्या रकान्यावर थबकले. "वीज जाते ना अधूनमधून," ते स्वतःशीच म्हणाले, "स्टोव्ह ठेवत असतील." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, फार बारकाईने माहिती घेतलीत.

ताईचे फॉर्म यायला दोन आठवडे जास्त लागले. तिने पुढची बेल वाजवलीच नव्हती. मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दाराशी गेली होती. त्या गल्लीत भांडी घासणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या, बागेला पाणी घालणाऱ्या निम्म्या बायका आणि माणसं पेठ-सुरगाण्याकडचीच. ती त्यांच्याशी घरच्या बोलीत बोलली. बदाम किती, लोणी किती, कुठला डबा कधी संपतो, हे घरमालकिणीपेक्षा त्यांना जास्त ठाऊक. मग त्यांच्याच ओळखीने मालकीणबाईही कधीतरी स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसल्या आणि विजेची बिलं, फोनची बिलं दाखवू लागल्या. कोणीतरी इतकं नीट ऐकून घेतंय म्हणून त्यांना बरंच वाटलं असावं.

तिच्या फॉर्मवर सरांची लाल पेन्सिल झिजली. एका घराचं विजेचं बिल माझ्या वडिलांच्या पगाराहून जास्त. दुसऱ्या घरात नुसत्या फुलांचा महिन्याचा खर्च. आणि एका बंगल्यातल्या अल्सेशियन कुत्र्याचं मटण, डबाबंद खाणं, डॉक्टर आणि फिरवायला येणारा माणूस मिळून महिन्याचा आकडा असा, की सुरगाण्यातल्या सहा माणसांच्या घराचा सगळा खर्च त्याच्या आत बसत होता आणि वर जागा उरत होती.

सरांनी चिठ्ठी दोन प्रकारे लावून बघितली. तिचे फॉर्म धरले तर नाशिक तक्त्याच्या तळाशी, दक्षिण अमेरिकेच्या घोळक्यात. तिचे वगळून माझेच धरले तर नाशिक वर, थंड हवेत. पुण्याहून फोन आला की हा काय प्रकार आहे. दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर दोन्ही गठ्ठे टेबलावर ठेवले.

"एकच गल्ली आहे," ते म्हणाले. "उजवीकडे युरोप, डावीकडे दक्षिण अमेरिका. मध्ये डांबरी रस्ता आहे हो, समुद्र नाही."

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो.

ताई हसली नाही. ती म्हणाली की पाहिलं ते लिहिलं. सर म्हणाले, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही, पण सहा माणसं आणि एक कुत्रा, हे जरा...

"सर," ती म्हणाली, "सुरगाण्याच्या फॉर्मवर एवढं कमी लिहिलंय, त्याला कुणी लाल गोल नाय केला. तेवढ्यात सहा माणसं राहतात हे असंभाव्य नाय वाटलं कुणाला?"

सर पेन्सिल हातात फिरवू लागले. हे त्यांना लागलं, ते मला दिसलं. म्हणून तर त्यांनी लगेच निकाल दिला नाही. आमच्या कामात एक रीत होती, संशय आला की एकाचा फॉर्म घेऊन दुसऱ्याने त्या घरी जायचं आणि पुन्हा विचारायचं. त्याला पडताळणी म्हणायचे. सरांनी कुत्र्याच्या बंगल्याचा फॉर्म उचलला आणि ज्याच्या कामावर एकही गोल नव्हता अशा माणसाकडे दिला. माझ्याकडे.

ताईने माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. तिला बरं वाटलं होतं. दादा जाणार म्हणजे सरळ होईल, असं ती दुसऱ्या एकाला म्हणालीही.

मी गेलो. समोरच्या बंगल्यांवर मला फिरताना पाहिलेल्या वॉचमनने ओळखलं, "वर्गणीवाले ना?" म्हणाला आणि मागच्या बाजूला जायला सांगितलं. तिथे पोळ्या करणाऱ्या मावशींनी विचारलं, ताईने धाडलं का? हो म्हणताच त्यांनी चहा ठेवला. मी फॉर्म काढला. त्यांनी फ्रिज उघडून कुत्र्याच्या मटणाचा वेगळा कप्पा दाखवला, फळीवरचे डबे दाखवले. मग एक वही आणली. मालकीणबाई त्या कुत्र्याच्या खर्चाची वही ठेवत होत्या, प्रत्येक वस्तूसमोर ती आणून देणाऱ्या वॉचमनचा अंगठा. मी ती वही फॉर्मशी ताडून बघितली. एकूण एक गोष्ट जुळत होती. एकच चूक सापडली: ताईने शॅम्पू धरला नव्हता. म्हणजे खरा आकडा तिने लिहिला होता त्याच्याहूनही जास्त होता. बाहेर जाळीमागे तो कुत्रा कूलरसमोर पाय ताणून झोपला होता. आमच्या घरी तेव्हा कूलर नव्हता.

पुन्हा रसवंती. पडताळणीच्या कागदावर तीन चौकटी होत्या. माहिती बरोबर. माहिती चूक. पडताळणी होऊ शकली नाही. पहिल्या चौकटीत खूण केली असती तर सरांनी साधा प्रश्न विचारला असता, की डावी बाजू खरी असेल तर उजव्या बाजूचं काय? आणि सर स्वतः येऊन उजवीकडच्या बेल वाजवणाऱ्यांतले होते. दुसरी खूण करायला हात धजेना, इतका मी वाईट नव्हतो असं तेव्हा मला वाटलं. मी तिसरी केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'कुटुंबप्रमुख घरी नव्हते.' ते खरंच नव्हते. हेच मला अजून छळतं. मी त्या कागदावर एकही शब्द खोटा लिहिला नाही.

ताईचे पंधरा फॉर्म बाजूला काढले गेले. पिवळी चिठ्ठी वर चढली आणि युरोपातल्या एका देशाशेजारी बसली, जिथे म्हणे मंत्रीसुद्धा सायकलने कचेरीला जातात. पैज मी जिंकलो. मिसळ खाल्लीही. ताई त्या दिवशी आली नव्हती, तिचं काम संपल्याचं तिला आधीच तोंडी कळवलं होतं. कायमची जागा मला मिळाली. तिच्या घरच्या पत्त्यावर सरांनी अतिशय सभ्य भाषेत पत्र पाठवलं, की काही माहिती असंभाव्य आढळल्यामुळे आपल्याला पुढे काम देता येत नाही.

नंतरची वर्षं चांगली गेली, हे सांगायला लाज वाटते पण गेली. लग्न झालं. सासऱ्यांना 'कायम' हा शब्द फार आवडला होता. संस्थेत मी नव्या मुलांना शिकवू लागलो की दार वाजवल्याशिवाय फॉर्म भरू नये. घरबसल्या भरलेला फॉर्म मी लांबून ओळखायचो, त्यात माझी ख्यातीच झाली. बंगल्यात रॉकेल दिसलं की मी पोराला बाजूला घ्यायचो. एकदा पुण्याच्या एका परिसंवादात एका विद्वानांनी अर्धा तास हे समजावून सांगितलं, की नाशिकमध्ये अंतर इतकं कमी का? तर सहकाराची परंपरा, बागायतीतून आलेली समृद्धी, आणि गोदाकाठचे संस्कार. मी पहिल्या रांगेत बसून टिपणं घेत होतो. मला एकट्यालाच ठाऊक होतं की ते सगळं आमच्या आईचं रॉकेल आहे.

दोन हजारनंतरची पाच-सहा वर्षं उलटली आणि संस्थेने दुसरी फेरी काढली. डोंगराकडची माणसं कामाला हवीत म्हणून मी सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत चौकशीला गेलो. मुख्याध्यापक म्हणाले, आमच्या बाईंनी असलं काम केलेलं आहे, त्यांना विचारा. आणि वर्गातून ताई बाहेर आली. हातात खडू. मला वाटलं, ती ओळखणार नाही. मग वाटलं, ओळखलं नाही तर बरं. मग कळलं की ओळखलं आहे.

तिने शाळेच्या ओट्यावर चहा मागवला. कप माझ्यासमोर ठेवला.

"घ्या दादा," ती म्हणाली. "त्या बंगल्यात पण घेतला होता ना? मावशी सांगत होत्या, वही पाहिली, चहा पिले, कूलर पाहत उभे राहिले म्हणे बराच वेळ."

म्हणजे तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. मावशी तिच्या शेजारच्या पाड्यावरच्या. मी सहा-सात वर्षं जे पोटात धरून बसलो होतो, ते ती आधीपासून जाणून होती. मी विचारलं, मग सरांना का सांगितलं नाही? ती म्हणाली, सांगून काय? तुमच्या फॉर्मला गोल नव्हता.

मग मी बोललो. रसवंती, दुप्पट, श्रीखंड, रॉकेल, सगळं. रॉकेलला ती हसली, इतकी की मुख्याध्यापकांनी खिडकीतून डोकावून बघितलं. मला वाटलं, झालं, सुटलो. म्हणालो, मी पुण्याला सगळं लेखी कळवतो.

"पुण्याला काय लिहायचं ते लिहा," ती म्हणाली. "तिथं माझं कोणी राहत नाय. आमच्या घरी चला."

वाटेत तिने सांगितलं ते असं. सरांचं ते सभ्य पत्र पाड्यावर गेलं तेव्हा तिच्या वडिलांनी ते एका गुरुजींकडून वाचून घेतलं. असंभाव्य म्हणजे काय, असं विचारल्यावर गुरुजी म्हणाले, खोटं. झालं. नाशिकवाल्यांनी पोरीला खोटं लिहिलं म्हणून काढलं, ही गोष्ट पाड्यावर घट्ट बसली. तिने वडिलांना सगळं समजावून सांगितलं होतं. बाकी सगळं त्यांना पटलं, पण कुत्रा पटेना. एवढं कुत्र्यावर कुणी घालत नाय, तू कायतरी चुकली असशील, असं ते इतकी वर्षं म्हणत होते. शाळेत नोकरी लागली, पगार सुरू झाला, तरी म्हणत होते. प्रेमाने म्हणायचे, ते जास्त वाईट, असं ती म्हणाली.

पुण्याला मी नंतर खरंच लिहिलं. पहिल्या फेरीतून माझे पंधरा फॉर्म काढून टाकण्यात आले आणि आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी आली, खाली बारीक अक्षरांत, काही नमुने वगळले आहेत. नोकरी गेली नाही. मला फिरतीवरून काढून ऑफिसात बसवलं, तिथे मी अजून आहे. सरांनाही पत्र टाकलं. ते तेव्हा मुलाकडे परदेशी होते. त्यांचं उत्तर आलं ते एका ओळीचं होतं, की ताईंचा पत्ता कळवा. पुढे ते दोघं काय बोलले, मला माहीत नाही.

पण त्या दिवशी यातलं काहीच झालं नव्हतं. मी ताईच्या मागोमाग चढ चढत होतो आणि मनात वाक्य जुळवत होतो. अंगणात तिचे वडील सुपात नागली पाखडत बसले होते. हा कोण, म्हणाले. माझ्यासंगं नाशिकला होता तो, ती म्हणाली आणि बाजूला उभी राहिली. मदत केली नाही.

मी सुरुवात केली ती देशांपासून. निरनिराळ्या देशांत अंतर कसं मोजतात, खर्चावरून का आणि मिळकतीवरून का, तक्ता कसा असतो. म्हातारबांनी थोडा वेळ ऐकलं. मग सूप खाली ठेवलं.

"ते राहू दे," ते म्हणाले. "माझी पोरगी खरं बोलत व्हती का नाय?"

"खरं बोलत होती."

"आन् कुत्र्याचं?"

"कुत्र्याचंही खरं. मी स्वतः वही बघितली. उलट तिने कमीच लिहिलं होतं, शॅम्पू धरला नव्हता."

शॅम्पू म्हणजे काय ते ताईने सांगितलं. म्हातारबा उठले. लेकीकडे बघितलं आणि परत बसले. मग बोटांवर मोजू लागले, की द्राक्षबागेत किती दिवस काम केलं म्हणजे त्या कुत्र्याचा एक महिना निघेल. बोटं संपली तेव्हा त्यांनी ताईची बोटं घेतली. मग त्यांना एकदम हसू फुटलं आणि पुढच्या घरच्या भावाला त्यांनी तिथूनच हाक मारली. तो आला, त्याच्या मागून त्याची बायको आली, आणि ते गुरुजी, आता म्हातारे झालेले, तेही काठी टेकत आले. प्रत्येक जण आला की मला पहिल्यापासून सांगावं लागे.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला मी शहाणा झालो होतो. लोकांना कुत्रा आवडतो हे कळलं होतं. गुरुजी बाजेवर टेकल्यावर मी सरळ कूलरपासून सुरुवात केली. म्हातारबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कुत्रा मागून," ते म्हणाले. "आधी तुझं सांग. घरात न जाता लिहिलं ते."

मी सांगितलं.